डब्यावरचा हिवाळा

कार्तिकातल्या एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास गोरेगावच्या टेकडीवर थोरल्याचे इंजिन जाम झाले. थोरला हा ट्रॅक्टर होता. माझे सासरे त्याचे मिस्त्री होते. त्यात घातलेल्या तेलाच्या डब्यावरची अक्षरे मी वाचून दाखवली होती.

एवढी चार वाक्ये लिहून मी बराच वेळ थांबले. गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची सावली भिंतीवरून सरकत दारापर्यंत आली आणि तिथेच विरून गेली, तरी पाचवे वाक्य सुचेना. लिहिण्याचा मला सराव नाही. अंधेरीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेले नीट जागेवर ठेवणे, कोणी मागितले की काढून देणे आणि परत आले की पुन्हा जागेवर ठेवणे यात माझी वर्षे गेली. पुस्तकांच्या सहवासात राहणाऱ्याला हळूहळू असे वाटू लागते की आपण ती वाचलीही आहेत. या समजुतीची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली, आणि तो माणूस गेल्या चैत्रात गेला. म्हणून हे लिहिते आहे, जमेल तसे, थांबत थांबत.

आमच्या चाळीच्या मागे तेव्हा टेकडी मोकळी होती. भाद्रपद सरता सरता तिच्यावर माणसाच्या कमरेइतके गवत उभे राही आणि आश्विनातल्या उन्हात त्याचा हिरवा रंग वरून खाली उतरत जाई. आधी तुरे पिवळे, मग पाती, शेवटी बुंधे. त्या दिवसांत आमच्या वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत तीन वास येत. सकाळी दवाने भिजलेल्या गवताचा, दुपारी तबेल्यांतल्या म्हशींचा आणि शेणाचा, आणि संध्याकाळी पाचनंतर, वारा फिरला की, चिंचेखालच्या, ट्रॅक्टर उभे राहत त्या पत्र्याच्या शेडमधून येणारा तापलेल्या तेलाचा. हा तिसरा वास मला लग्न होऊन आले तेव्हा नकोसा वाटे. पुढे तो घराचाच वास झाला, कारण मामंजी रोज तोच अंगावर घेऊन घरी येत. साबण लावून, राखेने चोळून, दगडाने घासून त्यांचे हात उजळत, पण नखांच्या कडांना एक काळी रेघ कायम राही, आणि जेवायला बसल्यावर आमटीच्या वाफेतूनही तो वास मंदपणे जाणवे.

मामंजी कुडाळकडचे. सोळाव्या वर्षी मुंबईत आले, खारदांड्याला होड्यांच्या इंजिनांवर हात काळे करत शिकले, आणि पुढे गोरेगावात एका शेठच्या पदरी राहिले. या शेठचे तीन ट्रॅक्टर होते. टेकडीवरचे गवत कापून तबेल्यांना पोचवायचे आणि येताना शेणखत भरून आणायचे, हे त्यांचे काम. मामंजींनी त्यांना थोरला, मधला आणि धाकटा अशी नावे ठेवली होती. मधला आणि धाकटा इथल्याच कारखान्यांतले, तरणेताठे. त्यांच्यासाठी कंपनीचा माणूस येई. थोरला मात्र विलायतेहून आलेला, माझ्या जन्माच्याही आसपासचा. त्याचा मूळचा निळा रंग उडून पावसाळी आभाळासारखा झाला होता. तेलाचा दाब दाखवणारा काटा कित्येक वर्षांपूर्वी एका जागी अडकून बसला होता, आणि मामंजी म्हणत की माणूस म्हातारा झाला की त्याची नाडी बघू नये, नुसते त्याच्याकडे बघावे. थोरल्याचे दुखणेखुपणे आवाजावरून फक्त त्यांनाच कळे. शेठ एकदा त्यांना म्हणाला होता, "मिस्त्री, ये चलेगा, तब तक तुम चलेगा." मामंजींनी ते घरी येऊन हसत हसत सांगितले. चौसष्टाव्या वर्षी माणूस असे वाक्य हसत सांगतो तेव्हा ते त्याच्या किती आत गेलेले असते, हे मला त्या वेळी कळले नाही.

त्यांची एक रीत होती. वर्षभर तेल वरून थोडे थोडे घालत राहायचे, पण पुरते बदलायचे ते खंडेनवमीला. गवताचा हंगाम तिथूनच सुरू होई. त्या दिवशी सकाळी इंजिनाखाली घमेले ठेवून जुने काळे तेल सोडायचे, नवे भरायचे, थोरल्याला पाण्याने धुवून पुसून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, झेंडूची माळ घालून पाने-पकडी अशा हत्यारांसह त्याची पूजा करायची. जुन्या तेलात यंत्राचा सण करू नये, असे ते म्हणत. माणसाने पारोशाने देवापुढे बसू नये, तसेच ते. त्यामुळे खंडेनवमी कधी पुढे ढकलली गेली नाही, आणि चौऱ्याऐंशी सालीही ती पुढे ढकलता आली नसती.

थोरल्याचे तेल ते घाटकोपरच्या एका दुकानातून आणत. तिथे ते सुटे मिळे, पिंपातून. पिंपावर पांढऱ्या रंगाने ३० असा आकडा लिहिलेला. दुसरे काही नाही. मामंजी ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घेऊन चोळत, नाकाशी नेत, उजेडात बोटे हळूच विलग करून तुटणाऱ्या तारेकडे बघत, आणि मगच डबा पुढे करत. त्या वर्षी सप्तमीच्या संध्याकाळी ते परतले तेव्हा त्यांच्या हातात रिकामा डबा नव्हता की भरलेलाही नव्हता. एक नवाकोरा, झाकण न फोडलेला, लाल-पांढऱ्या रंगाचा डबा होता. सुटे तेल येणे बंद झाले, आता हेच, असे दुकानदाराने सांगितले होते. त्यांनी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला, एखाद्या अनोळखी पाहुण्याला बसवावे तसा, आणि मला म्हणाले, "सुनबाय, ह्या जरा वाच बघया. डबो पाच लिटरचो नि नाव पन्नास लिटरचा."

मी कणकेचे हात धुवून आले. डब्याच्या पोटावर इंग्रजी अक्षरांची गर्दी होती. वरच्या ओळीत २०, मग डब्ल्यू, मग ४०. त्याखाली एका चौकोनात सी आणि डी. मला इंग्रजी येत होते, पण त्या अक्षरांचा अर्थ येत नव्हता, आणि हा फरक मी कबूल केला असता तर बरे झाले असते. मी एवढेच म्हणाले, "उद्या पुस्तकात बघून सांगते."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात मी ते पुस्तक शोधले. यंत्रविद्येच्या कपाटात सर्वांत खालच्या फळीवर होते, तेलांविषयीचे, करड्या कापडी बांधणीचे; त्याच्या मागच्या चिठ्ठीवर गेल्या कित्येक वर्षांत एकही शिक्का पडलेला नव्हता. पाच वाजताच्या त्या शांत वेळी, पंख्याखाली, कॅटलॉगची कार्डे बाजूला सारून मी ते वाचू लागले, आणि सांगायला संकोच वाटतो, पण मला ते फार आवडले. मला वाटत होते आकडा म्हणजे प्रत. चाळीस हे तिसापेक्षा श्रेष्ठ असणार. तसे नव्हते. आकडा फक्त तेल किती दाट, ते किती सावकाश वाहते, हे सांगतो. त्याचा गुणाशी संबंध नाही. मधाला पाण्यापेक्षा कोणी मोठा म्हणत नाही. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. वीस हा हिवाळ्यातला आकडा, गारठलेल्या सकाळी ते तेल विसाइतके पातळ राहते, आणि इंजिन तापले की चाळिसाइतका दाटपणा धरून ठेवते. एकाच तेलात दोन ऋतू. गुण सांगणारी ती खालची दोन अक्षरे. पहिल्यावरून कळायचे की तेल पेट्रोलच्या यंत्राचे की डिझेलच्या; सी म्हणजे डिझेलचे. दुसऱ्यावरून त्याची इयत्ता: ए, मग बी, मग सी, मग डी. जसजशी यंत्रे कठोर काम करू लागली तसतशी अक्षरे पुढे सरकली. पुढच्या इयत्तेचे तेल मागच्या इयत्तेचे काम करू शकते, असेही तिथे लिहिले होते. डीच्या तेलात मळ धुऊन काढणारी द्रव्ये घातलेली असतात आणि ती यंत्राचे अंतरंग स्वच्छ ठेवतात, या वाक्याशी ते पान संपले. तेवढ्यात साडेपाचची घंटा झाली. मी एक कोरी चिठ्ठी त्या पानात घातली, पुस्तक फळीवर ठेवले आणि घरी आले.

त्या संध्याकाळी मी मामंजींना सगळे समजावून सांगितले. ते पाटावर बसले होते, मी उंबऱ्यात, आणि मध्ये तो डबा. त्यांनी इतक्या एकाग्रतेने ऐकले की मला आपण कीर्तनकार असल्यासारखे वाटू लागले. हिवाळ्याचे सांगितले तेव्हा मात्र ते मोठ्याने हसले.

"हिवाळो? गोरेगावात हिवाळो खंय बघितलंस गो तू? दोन दिस शाल काढतो आणि तिसऱ्या दिसा पंखो."

"तसं सगळ्या देशांसाठी लिहितात, मामंजी."

"होय तर. डब्यावर तरी गावलो हिवाळो."

मग त्यांनी झाकण किंचित उचकटून थेंबभर तेल बोटांवर घेतले, चोळले, हुंगले. पुन्हा चोळले. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, जी मी त्यांच्या चेहऱ्यावर फक्त थोरल्याचा आवाज बिघडला की पाहिली होती.

"ह्या धुवणारा तेल," ते म्हणाले. "थोरल्याच्या पोटात तीस वर्षांचो मळ आसा. पोट आधी धुवूक लागतला काय? तसा काय लिवलेला आसा?"

त्या प्रश्नाची आठवण मला आजही अगदी बारीकसारीक तपशिलासह आहे. शेगडीवर भात होता. त्याचे पाणी उतू जायच्या बेतात होते. माझी पाठ दुखत होती. दिवसभर उभी राहून मी परत आलेली पुस्तके लावली होती, आणि आता नवरात्राची आवराआवर व्हायची होती. मी पुस्तकाची अडीच पाने वाचली होती आणि त्या अडीच पानांत पोट धुण्याविषयी काही नव्हते. मी म्हणू शकले असते, अजून वाचायचे आहे. मी म्हणाले, "नाही, तसं काही लिहिलेलं नाही. चांगलं तेल आहे, ते आपोआप साफ करतं."

त्यांनी पुन्हा एकदा विचारले. "नीट बघितलंस मा?"

"हो, मामंजी."

"तू वाचलंस मा, मगे झाला," ते म्हणाले, आणि झाकण लावून त्यांनी डबा कोपऱ्यात सरकवला.

खंडेनवमीला ते तेल थोरल्यात गेले. दसऱ्याला झेंडूची माळ पडली. शेठ पेढे घेऊन आला. गवताचा हंगाम सुरू झाला आणि पहिले काही दिवस थोरला असा चालला की मामंजी घरी येऊन सांगत, चढणीला दम लागत नाही त्याला, पोरगा झाला. मला मनातून अभिमान वाटे. या घरात मी आले तेव्हा माझ्या शिक्षणाचे कोणी काय करावे हे कोणालाच माहीत नव्हते. ते शोकेसमधल्या कपबशीसारखे होते. आता ते वापरात आले होते.

ज्या दिवशी इंजिन जाम झाले त्या दिवशी ट्रॅक्टर भीमराव चालवत होता. भीमराव मराठवाड्यातला, चाळिशीचा, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारा, बोलका माणूस. मामंजींना तो सर्वांसारखाच मिस्त्री म्हणे आणि मला वहिनी. गवताची भरलेली ट्रॉली घेऊन तो चढावर होता. खालून आधी ठक ठक असा आवाज आला, सुतार लांबवर काम करत असावा तसा, मग एक किंकाळीसारखा आवाज, आणि मग काहीच नाही. शेडमध्ये बसलेल्या मामंजींनी ती शांतता ऐकली आणि हातातला पाना खाली ठेवला. हे मला नंतर भीमरावनेच सांगितले. ते धावले नाहीत. चालत गेले.

इंजिनाखालचे, तेल साठायचे चेंबर उघडले तेव्हा काय दिसले तेही मी ऐकले आहे. नव्या तेलाने आपले काम केले होते. तीस वर्षे भिंतींना चिकटून असलेला मळ त्याने सोडवला होता, आणि तो काळ्या लोण्यासारखा वाहत जाऊन, तेल वर ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर बसला होता. जाळी बंद झाली. तेल वर चढेना. चेंबरमध्ये तेल भरलेले होते आणि इंजिन कोरडे पडून मेले होते. दाबाचा काटा जागा असता तर तो पडलेला दिसला असता. पण तो कधीचाच झोपला होता.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले आणि त्या खालच्या फळीवरून पुस्तक काढले. माझी चिठ्ठी होती तिथेच होती. मी पान उलटले. उलटल्याबरोबर, डाव्या पानाच्या माथ्यावर, पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते की जी जुनी यंत्रे दीर्घकाळ साध्या तेलावर चालली आहेत त्यांत धुणारे तेल घालण्यापूर्वी चेंबर उतरवून स्वच्छ करावे, आणि नवे तेलही पहिल्यांदा थोड्याच दिवसांत बदलावे. सहा ओळी होत्या. वाचायला अर्धे मिनिट लागले. खिडकीतून कार्तिकाचे ते पातळ, कोवळे, कशालाच न भाजणारे ऊन टेबलावर पडले होते आणि बाहेर मुली हसत होत्या. मी चिठ्ठी पुन्हा त्याच जागी घातली. का, ते सांगता येणार नाही.

थोरला भंगारात गेला. मामंजींना शेठने नारळ, शाल आणि घड्याळ दिले. ते घरी बसले.

मी त्यांना सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू असे करत दिवस गेले. ते एकदाही तेलाविषयी बोलले नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याचा मी दर आठवड्याला वेगळा अर्थ लावत राहिले. ते शेजाऱ्यांचे स्टोव्ह दुरुस्त करून देत, विळ्यांना धार लावत, दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून टेकडीकडे बघत बसत. बसल्या बसल्या त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत राही, काहीतरी चोळून पाहत असल्यासारखा. पहिल्या उन्हाळ्यात त्यांच्या कपड्यांचा वास गेला. पुढच्या पावसाळ्यात नखांच्या कडांची काळी रेघ गेली. एके दिवशी ताट वाढताना मला त्यांचे हात अगदी स्वच्छ दिसले, एखाद्या कारकुनाचे असावेत तसे. माणूस जातो तेव्हा रडायला जागा असते, चार लोक असतात. वास जातो तेव्हा काहीच नसते.

पुढच्या दसऱ्याला घरात पूजेला ठेवायला हत्यार उरले नव्हते. मामंजींची सगळी हत्यारे शेडमध्येच राहिली होती. सकाळी त्यांनी पाट मांडला, त्यावर सरस्वतीची पाटी ठेवली आणि मला हाक मारून म्हणाले, "तुझा एक पुस्तक हाड गो. आता ह्या घरात हत्यार ताच." मी आत गेले. कपाटासमोर उभी राहिले. शेवटी मी पुस्तक आणले नाही, पोळपाट-लाटणे आणले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि लाटण्याला हळदकुंकू वाहिले. माझ्या नवऱ्याला ते गमतीचे वाटले. "काय अण्णा, पोळीला पण सीमोल्लंघन?" असे तो वडिलांना म्हणाला, आणि सगळे हसले.

त्यांच्या शेवटच्या माघात छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी औषध दिले. बाटली आणून त्यांनी माझ्यापुढे धरली. "वाच," म्हणाले. मी वाचले. मात्रा वाचली, वेळा वाचल्या, बाटली हलवून घ्यावी हे वाचले, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी, मुलांच्या हाती लागू देऊ नये, मुदतीनंतर वापरू नये, हे वाचले. मग बाटली फिरवून मागच्या बाजूचे बारीक टायपातले, तयार करणाऱ्याचे गाव वगैरे, तेही वाचले. मी वाचत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले,

"आता सगळा वाचतंस."

आवाजात टोमणा नव्हता. असलाच तर इतका मऊ होता की तो ओळखायला मला आणखी कितीतरी वर्षे त्यांच्यासोबत काढावी लागली असती. मी तोंड उघडले. त्या क्षणी सांगायचेच, असे ठरवून उघडले. तेव्हा त्यांना खोकल्याची उबळ आली. मी पाणी आणायला उठले. परत आले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

चैत्रात ते गेले. दुपारची वेळ होती. टेकडीवरचे गवत केव्हाच कापून, उरलेले जळून, जमीन उघडी पडली होती.

तेरावा झाल्यानंतर चार दिवसांनी भीमराव आला. येताना त्याने शेडमधून मामंजींचे नरसाळे आणले होते, तेल ओतायचे, पत्र्याचे, कडेला डाग दिलेले. शेड मोडायची होती; तिथे पडून राहण्यापेक्षा घरात असू दे म्हणाला. माझा नवरा आणि तो बाहेरच्या खोलीत बसले, मी चहा ठेवला. दोन खोल्यांच्या घरात आतले आणि बाहेरचे असे काही नसते. सगळे ऐकू येत होते.

"काय सांगू तुम्हाला, मिस्त्री म्हणजे मिस्त्रीच," भीमराव म्हणत होता. "थोरला गेला ना, तेव्हा शेठ लय तापला होता. म्हणाला, ये क्या डाल दिया, किसने बोला डालने को. मी म्हटलं आता म्हातारबाची वाट लागली. तर हे शांत. म्हणाले, शेठ, माझ्या सुनेने पुस्तकात बघून सांगितलं होतं, आधी चेंबर धुवा, मग तेल घाला. मीच आळस केला. सण तोंडावर होता. चूक माझी."

माझा नवरा म्हणाला, "हे त्यांनी कधी सांगितलं नाही घरी."

"सांगतील कशाला, स्वतःचीच चूक! शेठ काय म्हणाला माहितीये? म्हणाला, मिस्त्री, तुमको निकाल के तुमची सूनच कामाला ठेवायला पाहिजे होती." भीमराव हसला. मग एकदम हसायचा थांबला, आणि आत डोकावून मला म्हणाला, "वहिनी, ऐकलं असतं ना तुमचं, तर थोरला अजून फिरला असता बघा."

मी चहा गाळत होते. गाळणी कपावर होती आणि कप भरून बशीत सांडत होता. मी म्हणाले, "साखर कमी नाही ना चालणार तुम्हाला?" तो म्हणाला, "छे हो, गोडच द्या."

तेवढेच मी बोलले. माझ्या नवऱ्याने ती गोष्ट पुढे नातेवाइकांत सांगितली, अभिमानाने. बायको शिकलेली असली आणि तिचे ऐकले नाही की काय होते, याचे उदाहरण म्हणून. कुडाळच्या आत्याबाईंच्या पत्रातही तिचा उल्लेख आला. मी कधी ती खोडली नाही. जे वाक्य मी उच्चारले नव्हते ते आता माझ्या नावावर कायमचे जमा आहे, आणि जे उच्चारले होते ते ऐकणारा माणूस राहिलेला नाही.

मी पुष्कळ विचार केला आहे. एखाद्या वेळी वाटते की त्यांनी समजून उमजून मला झाकले, आणि ते ओझे माझ्या अंगावर पडू नये म्हणून घरात शब्दही काढला नाही. एखाद्या वेळी वाटते की त्यांना खरेच तसे आठवत असेल. तो प्रश्न त्यांनीच विचारला होता, त्याचे उत्तर त्यांना आतून माहीत होते. बोटांनी ते केव्हाच वाचले होते. म्हातारपणात प्रश्न आणि उत्तर यांची जागा बदलली असेल, आणि आपल्याच मनातला शहाणपणा त्यांना सुनेच्या तोंडून ऐकल्यासारखा वाटला असेल. आपल्या बोटांपेक्षा माझ्या डोळ्यांवर त्यांनी अधिक विश्वास टाकला, इतकेच निश्चित. आणि मग "आता सगळा वाचतंस" हे वाक्य आठवते, आणि दोन्ही तर्क गळून पडतात. या प्रश्नाचे उत्तर कुठल्या पानाच्या मागे असेल तर ते पान माझ्या हाती लागणार नाही.

आता पुन्हा भाद्रपद संपत आला आहे. टेकडीच्या अर्ध्या भागावर इमारतींचे पाये खणले आहेत. उरलेल्या अर्ध्यावर गवत आहे आणि त्याचे तुरे पिवळे होऊ लागले आहेत. संध्याकाळी वारा फिरतो, तेव्हा त्याच्यासोबत ओल्या सिमेंटचा वास येतो. खंडेनवमीला अजून दोन आठवडे आहेत. या वर्षी पाटावर काय ठेवायचे ते मी ठरवलेले नाही.

नरसाळे स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला टांगलेले आहे. डबा गॅलरीत आहे. त्यात माती भरून मी कढीपत्ता लावला आहे. लेबलाची बाजू मी दोन वर्षे भिंतीकडे करून ठेवली होती, ती परवा फिरवली. उन्हाने लाल रंग फिका पडला आहे. अक्षरे वाचता येतात.